मीरा रोडमधला ‘रोड’ कुठे आहे?

मीरा रोड स्टेशनाविषयी बोलणे निघाले की ते दोन मिनिटांत गाडीवर जाते. विरार फास्टमध्ये पाय ठेवता येत नाही, बोरिवलीला संपणाऱ्या गाड्या इथवर येत नाहीत, एसी लोकल आली की साध्या गाडीची फेरी गेली, पंधरा डबे कधी, पाचवी-सहावी मार्गिका कधी. निवेदने याच विषयांवर लिहिली जातात आणि निवडणुकीतली आश्वासनेही याच विषयांवर दिली जातात. यातली एकही तक्रार खोटी नाही. उथळ आहे ते त्यांतून काढलेले निदान. गर्दी गाडीत दिसते, म्हणून दुखणे गाडीतच आहे असे आपण धरून चालतो.

माझे म्हणणे असे आहे: मीरा रोडचे अर्धे दुखणे फलाटाच्या पायऱ्या संपतात तिथे सुरू होते आणि सोसायटीच्या फाटकापाशी संपते. स्टेशन आणि शहर यांच्यामधला हा पट्टा कोणी स्टेशन समजून बांधला नाही आणि रस्ता समजूनही बांधला नाही. तो वाहतुकीचा भाग म्हणून मोजला, आखला आणि चालवला जात नाही तोवर वाढवलेली प्रत्येक गाडी त्याच बोळात आणखी माणसे ओतणार. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, अशी ही गत आहे. हे मी चार मुद्द्यांत मांडतो, मग आक्षेपांकडे वळतो.

नाव काय सांगते

कोकणात जाणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. राजापूर रोडला उतरलेला माणूस राजापुरात पोहोचलेला नसतो. संगमेश्वर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड यांचेही तेच. गाव एकीकडे, रूळ दुसरीकडे आणि मधली वाट ज्याची त्याने काढायची. पश्चिम रेल्वेवरची वसई रोड, केळवे रोड, डहाणू रोड ही नावे त्याच वळणाची. मीरा रोडही त्यांतलेच. मीरा गाव पूर्वेला, आजच्या महामार्गालगत, काशीगावाच्या शेजारी. दोन्ही नावे जोडून काशीमिरा झाले. रूळ मात्र गेले पश्चिमेकडून, खाजण आणि मिठागरांच्या कडेने. ‘रोड’ हा शब्द म्हणजे रेल्वेने नावातच दिलेली कबुली होती: आमचे काम इथे संपले, पुढचा रस्ता तुमचा.

उतरणारे मोजके होते तोवर ही कबुली चालून गेली. १९८५ साली आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका. १९९१च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती, २००१ मध्ये ५ लाख २० हजार झाली आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजार. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक. शांतीनगर, नयानगर, पूनम सागर, शीतल नगर, पुढे कनकिया, हाटकेश अशी वस्ती स्टेशनापासून महामार्गाकडे पसरत गेली. मुंबईत भाड्यालाही न परवडणारी जागा इथे विकत मिळत होती आणि जाहिरातीत एकच गोष्ट ठळक असायची: स्टेशनपासून किती मिनिटे. घराची किंमत त्या मिनिटांवर ठरली. ती मिनिटे ज्या रस्त्यावर घालवायची, त्याची जबाबदारी मात्र ना विकणाऱ्याने घेतली, ना परवानगी देणाऱ्याने.

पहिला मुद्दा: हिशेब गाडीचा होतो, जिन्याचा होत नाही

संध्याकाळची गर्दीची बारा डब्यांची लोकल साडेचार-पाच हजार माणसे वाहते. त्यांतले फक्त पाचशे मीरा रोडला उतरले असे धरू. हा माझा अंदाज आहे आणि तो मुद्दाम हात आखडूनच केलेला आहे. पाचशेतले अर्धे चालत घरी जातील. उरले अडीचशे. नियमाने रिक्षात तीन प्रवासी बसतात, म्हणजे एका गाडीमागे चौऱ्याऐंशी रिक्षा हव्यात. गाडी पाच मिनिटांनी येते असे समजले तर मिनिटाला सतरा, म्हणजे साडेतीन सेकंदांना एक रिक्षा भरून निघाली पाहिजे. जगातला कोणताही शिस्तीचा शिपाई स्टेशनसमोरच्या एका रस्त्यावरून हे घडवून आणू शकणार नाही. तेच अडीचशे लोक बसने नेले तर चार-पाच बस पुरतात.

या साध्या त्रैराशिकातून तीन गोष्टी निघतात. एक, स्टेशनबाहेरची कोंडी रिक्षावाल्यांच्या स्वभावातून आलेली नाही. जे काम बसचे ते रिक्षावर टाकल्याचा तो परिणाम आहे. दोन, पाचशेंपैकी सर्वांत मोठा गट पायी जाणाऱ्यांचा असतो, तरी आपल्या आराखड्यात तो शेवटी येतो. उरलेल्या जागेत पदपथ, आणि उरली नाही तर नाही. तीन, गाड्या वाढवून पाच मिनिटांचे अंतर तीन मिनिटांवर आणले तर साडेतीन सेकंदांची रिक्षा दोन सेकंदांवर येईल. गाडीतली गर्दी हलकी झाल्याचा आनंद पायऱ्यांवर संपेल.

दुसरा हिशेब वेळेचा. मुंबईचा चाकरमानी गाडीला वेळेने ओळखतो. आठ बाराची, आठ एकोणीसची. गाडीचा मिनिट त्याला पाठ असतो. घरापासून फलाटापर्यंत लागणारा वेळ मात्र कधीच पाठ होत नाही. शेअर रिक्षाची रांग कधी पाच माणसांची, कधी पन्नासची. पाऊस असला तर रस्त्यावरून पाणी आणि पाण्यातून वाट. म्हणून तो रोज पंधरा-वीस मिनिटे गाठीला बांधून निघतो. ही मिनिटे कोणत्याच वेळापत्रकात नाहीत. अंतर लांब असल्याने माणूस जितका थकतो, त्याहून जास्त ते अंतर भरवशाचे नसल्याने थकतो. बसायला मिळावे म्हणून आधी उलटे भाईंदर-विरारकडे जाणारा आणि मग त्याच गाडीने चर्चगेटकडे निघणारा प्रवासी आपण पाहतो, त्याच्यावर विनोदही करतो. पण तो किमान आपल्या मर्जीने वेळ खर्च करतो. रिक्षाच्या रांगेतल्याला तीही मुभा नाही.

दुसरा मुद्दा: एका कुशीवर झोपलेले स्टेशन

बोरिवली, भाईंदर, वसई या स्टेशनांना पूर्व आणि पश्चिम अशी दोन शहरे आहेत. गाडीतून उतरलेला लोंढा जिन्यावरच दुभंगतो. मीरा रोडला शहर जवळजवळ सगळे पूर्वेला आहे. पश्चिमेला मिठागरे, खारफुटी आणि खाडीकडची सखल जमीन. तिथली थोडी वस्ती अगदी अलीकडची. म्हणजे इथला लोंढा दुभंगत नाही. सगळे एकाच बाजूच्या जिन्यांकडे आणि एकाच बाजूच्या रस्त्यांकडे वळतात. दोन्ही बाजूंना शहर असलेल्या स्टेशनाला जेवढे आवार पुरते, त्याच्या जवळपास दुप्पट इथे पूर्वेला हवे होते. प्रत्यक्षात इमारती स्टेशनच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या.

आता पश्चिमही विकसित करा, म्हणजे तोल साधेल, असे सुचवणारे भेटतात. ही सूचना घातक आहे. ज्या जमिनीने भरतीचे आणि पावसाचे पाणी आजवर पोटात घेतले, तिच्यावर भराव घालून गर्दी वाटण्याऐवजी आपण पूर वाटून घेऊ. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे ते उगाच नाही. दहिसर–भाईंदर जोडरस्त्यासारखे प्रकल्प याच बाजूने आखले जात असल्याने पश्चिमेचा मोह पुढे आणखी वाढेल. पश्चिमेचा उपयोग करायचाच असेल तर तो बसना वळायला, थांबायला लागणाऱ्या थोड्या, आधीच पक्क्या झालेल्या जागेपुरता करावा आणि पादचारी पुलाने तो फलाटांना जोडावा. पश्चिमेला शहर वसवायचे आणि पश्चिमेला दार उघडायचे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा मुद्दा: बारभाईंची खेती

फलाट, जिना आणि तिकीटखिडकी पश्चिम रेल्वेची, म्हणजे केंद्र सरकारची. फाटकाबाहेरचा रस्ता, गटार आणि दिवे महापालिकेचे. बस महापालिकेच्या परिवहनाची. त्याच आवारात बेस्टच्या मुंबईकडे आणि ठाणे परिवहनच्या ठाण्याकडे जाणाऱ्या. रिक्षाचा परवाना आरटीओकडे, भाडे महानगर क्षेत्राच्या परिवहन प्राधिकरणाकडे. वाहतूक पोलीस मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाचे, जे ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाले. मेट्रो एमएमआरडीएची. यांतले प्रत्येक खाते आपापल्या हद्दीत काम करते. कोणीच दोषी सापडत नाही याचे कारण हेच आहे. दोष हद्दींच्या मध्ये आहे, आणि तिथे कोणाचीच नेमणूक नाही.

हद्दींमधल्या या फटीची किंमत मुंबईने मोजली आहे. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्या दिवशी गाडी घसरली नव्हती, पूलही पडला नव्हता. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, उतरणारी माणसे कितीतरी पटींनी वाढली आणि जिना गिरण्यांच्या काळातलाच राहिला. कचेऱ्यांना परवानगी देणारे एक खाते होते, जिना सांभाळणारे दुसरे. दोघांच्या कागदावर सगळे नियमात होते.

दुसरे उदाहरण हसण्यावारी नेले गेले, पण ते जास्त बोलके आहे. अंधेरीचा गोखले पूल नव्याने बांधून फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू सुरू झाली तेव्हा तो शेजारच्या बर्फीवाला पुलाला मिळालाच नाही. दोन्ही पुलांच्या उंचीत माणसाएवढा फरक राहिला. रुळांवरचा भाग एका यंत्रणेच्या नियमांनी उंचावला, पुढचा जुना पूल होता तिथेच राहिला. अभियंत्यांना मोजता येत नव्हते असे नाही. मोजपट्ट्या दोन होत्या आणि त्या एकत्र धरणारा हात नव्हता. मीरा रोडला अशी पायरी रोज चढावी लागते. फरक इतकाच की ती काँक्रीटची नसल्यामुळे तिचा फोटो छापून येत नाही.

चौथा मुद्दा: जे दार समजले, ते चौक निघाले

मीरा रोडला ‘झोपायचे उपनगर’ म्हणायची पद्धत आहे: माणसे इथे झोपतात आणि मुंबईत जगतात. या समजातून स्टेशनाची एक प्रतिमा तयार होते. ते एक दार आहे, सकाळी बाहेर जाण्याचे आणि रात्री आत येण्याचे. दार मोकळे असावे, म्हणून त्याच्यासमोर जे जे दिसेल ते अडथळा ठरते.

ही प्रतिमा दोन कारणांनी चुकीची आहे. पहिले, हे शहर उद्योगांचेही आहे. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी आणि इतर मालाचे कारखाने आहेत, काशीमिऱ्याकडे वसाहती आहेत, आणि घराघरांत, दुकानांत, दवाखान्यांत राबणारा मोठा वर्ग आहे. सकाळी इथून चर्चगेटकडे जाणारे जसे आहेत, तसे नालासोपारा-विरारहून इथे कामाला उतरणारेही आहेत. त्यांच्यासाठी मीरा रोड आणि भाईंदर म्हणजे पोहोचायचे ठिकाण. सकाळी सगळ्यांनी स्टेशनकडेच यायचे, असे गृहीत धरून सोडलेल्या बस या माणसाच्या कामाच्या नसतात.

दुसरे कारण अधिक खोलचे आहे. या शहराला मध्य नाही. महापालिकेचे मुख्यालय भाईंदर पश्चिमेला, महामार्ग पूर्वेच्या टोकाला, मधे सोसायट्यांचे सेक्टर. जुन्या गावाला देऊळ असते, पार असतो, आठवड्याचा बाजार भरतो. बिल्डरच्या नकाशातून उभ्या राहिलेल्या शहराला यांतले काही मिळाले नाही, आणि ती सगळी कामे स्टेशनसमोरच्या जागेने अंगावर घेतली. भेटायचे तर स्टेशनवर. निवडणुकीची कोपरा सभा, रक्तदानाचा मंडप, सह्यांची मोहीम स्टेशनवर. जुलै २०२५ मध्ये भाषेच्या वादातून निघालेला मोर्चाही स्टेशनकडेच निघाला. लोक ज्या जागी आपले म्हणणे मांडायला जातात, ती जागा शहराचा चौक असते; नकाशात तिचे नाव काहीही असो.

फेरीवाल्यांचा प्रश्न या उजेडात वेगळा दिसतो. १ नोव्हेंबर २०१७ला मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाले नकोत असे सांगितले. एल्फिन्स्टन ताजे असताना तो निर्णय समजण्यासारखा होता, आणि जिन्याच्या तोंडाशी कोणीच बसू नये याबद्दल दुमत असू नये. पण साडेआठला उतरणारी बाई स्टेशनबाहेर निवडलेली मेथी, सोललेले मटार, चिरलेली फरसबी घेते तेव्हा ती भाजीच्या किमतीत अर्धा तास विकत घेत असते. गाडीत बसून भाजी निवडणाऱ्या बायकांचे कौतुक करायचे आणि तीच भाजी निवडून विकणारीला अतिक्रमण म्हणायचे, यात काही सुसंगती नाही. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, शहर विक्री समिती आणि विक्रीक्षेत्रे हा मार्ग घालून दिला आहे. अंतराची रेघ ओढणे सोपे. त्या रेघेबाहेर, पण वाटेवरच, पक्की जागा आखणे अवघड. आपण सोपे ते करतो आणि मग दर पंधरवड्याला पालिकेची तीच गाडी येते, त्याच टोपल्या पळतात, तासाभराने परत बसतात.

स्टेशन हाच बाजार, ही कल्पना काही आपल्या बेशिस्तीतून जन्मलेली नाही. ओसाकातल्या हानक्यू या खाजगी रेल्वे कंपनीने १९२९ साली आपल्या उमेदा स्थानकातच मोठे दुकान थाटले. घरी जाणारा माणूस खरेदी करणारच, हे तिने ओळखले आणि त्याची जागा आधीच आखून ठेवली. आपल्याकडे ती जागा आखली जात नाही, फक्त हटवली जाते.

आक्षेप आणि उत्तरे

*मेट्रो आली की प्रश्न सुटेल.* दहिसर पूर्वेहून येणाऱ्या मेट्रो ९ची स्थानके पाहा: पांडुरंगवाडी, मीरागाव, काशीगाव, साईबाबा नगर, मेडतिया नगर, शहीद भगतसिंग उद्यान, सुभाषचंद्र बोस मैदान. मे २०२५ मध्ये तिच्या दहिसर–काशीगाव टप्प्यावर चाचणीची गाडी धावली. महामार्गालगतच्या आणि मीरा-भाईंदर रस्त्यावरच्या लोकांची तिने मोठी सोय होईल. पण या यादीत मीरा रोड रेल्वे स्टेशन नाही. ज्याला लोकल आणि मेट्रो दोन्ही लागतात, त्याला मधले अंतर पुन्हा रिक्षानेच कापावे लागेल. घाटकोपरला मेट्रो आणि लोकल पुलाने जोडलेली आहेत. तिथे गर्दीने जीव नकोसा होतो हे खरे, पण प्रवाशाला रस्त्यावर उतरून वाहन शोधावे लागत नाही. इथे मेट्रो आल्यावर स्टेशनावरचा भार हलका होईल. मधल्या रस्त्यावरचा भार मात्र वाढेल, कारण तो आता दोन ठिकाणांना जोडायला लागेल.

*रेल्वे स्टेशन सुधारतेच आहे.* २०१९ साली केंद्राने मंजूर केलेल्या ३३,६९० कोटींच्या एमयूटीपी ३अ या मुंबईच्या नागरी वाहतूक प्रकल्पात बोरिवली–विरार पाचवी-सहावी मार्गिका आहे आणि ज्या एकोणीस उपनगरी स्थानकांची सुधारणा व्हायची त्यांत मीरा रोडही आहे. फलाटांवर उन्नत डेक, रुंद जिने, सरकते जिने ही कामे हवीतच. फलाट त्याने नक्की मोकळा होईल. पण डेक म्हणजे वरच्या मजल्यावरचा ओटा. तिथून माणूस शेवटी खाली उतरतो. नळाचा व्यास वाढवला आणि मोरी तीच ठेवली तर पाणी घरात येते. डेक रस्त्यापलीकडे, बसथांब्यापर्यंत नेला तरच तो पैसा वसूल होईल. ठाणे पश्चिमेला स्टेशनबाहेरच्या ‘सॅटिस’ या उन्नत पुलाने बस वर आणि रिक्षा खाली अशी विभागणी केली. पुलाखालच्या अंधाराविषयी ठाणेकर अजून बोटे मोडतात, आणि बरोबरच मोडतात. पण फलाटाच्या पुलावरून सरळ बसपर्यंत जाता येते, हे तत्त्व तिथे एकदा सिद्ध झाले.

*आता एका ॲपवर सगळी तिकिटे मिळतात.* ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ ॲपने लोकल, मेट्रो, मोनो आणि महापालिकांच्या बस, मीरा-भाईंदरची धरून, अशा अकरा सेवा एकत्र आणल्या. हे पाऊल चांगले आहे. पण तिकिटे जोडली म्हणून वाटा जोडल्या जात नाहीत. बस गाडी यायच्या दोन मिनिटे आधी सुटली तर एकच तिकीट दाखवून माणूस थांब्यावर उभा राहील, एवढाच फरक.

*जागाच नाही.* हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे, आणि अर्धा खरा आहे. नव्याने आवार निर्माण करता येणार नाही. पण आहे त्या आवारात कोणाला किती जागा मिळते, हे कधी मोजले आहे का? घरच्या एका माणसाला सोडायला आलेली मोटार थांबते तेवढ्या जागेत बसची अर्धी रांग मावते. रिकाम्या रिक्षा स्टेशनच्या तोंडाशी भाड्याची वाट पाहतात. त्या दोन गल्ल्या मागे थांबून हाक आल्यावर पुढे येऊ शकतात. जागा कमी असेल तर तिच्या वाटपाचा क्रम अधिक कडक हवा. आपण जागा कमी म्हणून क्रमच सोडून दिला.

*लोकांना शिस्त नाही.* हेच लोक बेस्टच्या थांब्यावर रांग लावतात, शेअर रिक्षाला रांग लावतात आणि मेट्रोत पिवळ्या रेघेमागे उभे राहतात. जिथे रांगेला जागा असते आणि रांग संपल्यावर वाहन मिळण्याची खात्री असते, तिथे शिस्त आपोआप येते. जिथे दोन्ही नाहीत तिथे माणूस धावतो, आणि धावणाऱ्याला आपण बेशिस्त म्हणतो.

मग करायचे काय

पहिली गोष्ट मालकीची. फलाटाच्या शेवटच्या पायरीपासून सुमारे पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा एका व्यवस्थेच्या हाती द्यावा. तिच्यात रेल्वे, महापालिका, पोलीस आणि आरटीओ असतील, पण उत्तर देणारा अधिकारी एकच असेल. हे अशक्य नाही. १९९९ साली रेल्वे मंत्रालय आणि महाराष्ट्र सरकार यांनी ५१ आणि ४९ टक्के भागीदारीने मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन केले. नवी मुंबईत सिडकोने रेल्वेमार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा उचलला आणि १९९२ साली सुरू झालेल्या वाशीसारख्या स्थानकांना मोठी आवारे, बसची जागा आणि वर कचेऱ्या मिळाल्या. जिथे पैसा आणि जमीन एका टेबलावर आली, तिथे स्टेशन आणि शहर एकमेकांना मिळाले. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने मोठ्या शहरांसाठी एकत्रित वाहतूक प्राधिकरण सुचवलेच आहे. महानगराच्या पातळीवर ते व्हायचे तेव्हा होवो. एका स्टेशनच्या पातळीवर त्याची सुरुवात करता येते.

दुसरी गोष्ट क्रमाची. चालणारा आधी, मग बस, मग शेअर रिक्षा, मग मीटरची रिक्षा, आणि खाजगी मोटार शेवटी. हा क्रम नैतिक नाही, त्रैराशिकाचा आहे: कमी जागेत जास्त माणसे कोण नेते, एवढाच त्याचा निकष. चालणाऱ्यात पाठीवर दप्तर असलेले मूल येते, काठी टेकणारे आजोबा येतात आणि चाकाच्या खुर्चीवरचा प्रवासीही येतो. त्याला सरकता जिना मिळाला आणि खाली उतरल्यावर पदपथाला उतार मिळाला नाही, तर आपण त्याला अर्ध्या वाटेत सोडले.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. मीरा-भाईंदर परिवहनची बस घड्याळाने सुटते. ती गाडीने सुटली पाहिजे. गर्दीच्या वेळी मोजक्या, छोट्या, वारंवार फिरणाऱ्या फेऱ्या: स्टेशन ते हाटकेश, स्टेशन ते कनकिया, आणि मेट्रो सुरू होईल तिथे स्टेशन ते मेट्रो. लांबच्या दहा मार्गांपेक्षा असे तीन मार्ग जास्त रिक्षा घरी पाठवतील.

चौथी गोष्ट मोजण्याची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. रेल्वे आपली वक्तशीरता मोजते. महापालिका किती मीटर काँक्रीट झाले ते मोजते. दारापासून फलाटापर्यंत किती मिनिटे लागतात आणि त्यांत रोज किती फरक पडतो, हे कोणी मोजत नाही. दर तीन महिन्यांनी चार-पाच वस्त्यांतून सकाळ-संध्याकाळ हा वेळ मोजून फलकावर लावला, तर कोणते काम उपयोगी पडले आणि कोणते उद्घाटनापुरते होते, हे कोणाच्या भाषणाशिवाय कळेल.

मीरागाव आणि मीरा रोड

एक योगायोग सांगून थांबतो. मेट्रोच्या नव्या स्थानकांत एकाचे नाव मीरागाव आहे. ज्या गावाकडे जाणारा रस्ता म्हणून रेल्वेने या स्टेशनाचे नाव ठेवले, त्या गावाला आता स्वतःचे स्थानक मिळते आहे. म्हणजे गावही वाहतुकीच्या नकाशावर आले आणि ‘रोड’ही. दोन्ही टोकांना सरकते जिने, दोन्ही टोकांना यंत्राचे तिकीट. मधला रस्ता कोणाच्याच अंदाजपत्रकात नाही. सकाळी साडेसातला त्या रस्त्याच्या कडेला उभे राहावे. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, डब्याची पिशवी सांभाळणारी, उभ्या रिक्षांमधून तिरकी वाट काढत स्टेशनकडे निघालेली माणसे दिसतील. स्टेशनच्या नावातल्या दुसऱ्या शब्दाचे काम आज तीच माणसे आपल्या पायांनी करत आहेत.